धैर्यधर कोणी गावा?

नवं संगीत नाटक येतंय अशी कुणकुण लागली की मराठी रसिक आधी दोन गोष्टी विचारतात. चाली कुणाच्या? आणि गाणार कोण? कथानकाची चौकशी मागाहून. हा नुसता हट्ट नाही. संगीत नाटकात गाणारा बदलला की गाणं बदलतं आणि गाण्याबरोबर पात्रही. ‘संगीत मानापमान’मधल्या धैर्यधराच्या एका भूमिकेवरून हे जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशावरून कळत नाही.

12 मार्च 1911 रोजी किर्लोस्कर नाटक मंडळीने ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलं. लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. तोवर त्यांची ख्याती धगधगत्या गद्य नाटकांची. 1907च्या ‘कीचकवधा’त लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि 1910मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. असा नाटककार आता पदं लिहिणार होता. त्यांच्याआधीचे संगीत नाटककार, अण्णासाहेब किर्लोस्कर आणि देवल, आपल्या पदांच्या चाली स्वतःच योजत असत. कीर्तन, लावणी, कर्नाटकी पदं असा त्यांचा साठा होता. खाडिलकरांनी चालींचं काम गोविंदराव टेंबे यांच्याकडे सोपवलं. भास्करबुवा बखल्यांच्या सहवासात वाढलेल्या या पेटीवादकाने ठुमरी-दादऱ्याचा पूरब रंग मराठी पदांत आणला. नाट्यसंगीताला स्वतंत्र संगीतकार मिळाला तो इथे, असं मानलं जातं.

या चाली हवेत बांधलेल्या नव्हत्या. नायिका भामिनी होणार होते बालगंधर्व. आवाज मऊ, लवचिक, शब्दाला गोंजारत स्वरात विरघळणारा. धनाच्या मानाने माणूस जोखणारी आणि मग वनमाला बनून त्याच माणसावर जीव टाकणारी ही नायिका त्या गळ्याला अशी बसली की भामिनी कुणी करावी हा वाद पुढची कित्येक वर्षं उद्भवलाच नाही.

वाद होता तो धैर्यधराचा. पहिला धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा. त्याच वर्षी ते वारले. पुढे टेंब्यांनी स्वतः ही भूमिका केली. म्हणजे चाल बांधणाराच ती रंगमंचावर गात होता. पण धैर्यधर सेनापती आहे, गरीब आणि मानी आहे, आणि प्रियेच्या बापाच्या घरी अपमान गिळून उभा आहे. त्याचा आवाज भामिनीच्या आवाजासमोर ताठ उभा राहायला हवा. गोड गाणाऱ्याने ही भूमिका गोड केली तर नाटकातला मान कुठे आणि अपमान कुठे, ते प्रेक्षकाला कळेनासं होतं.

म्हणूनच 8 जुलै 1921चा मुंबईच्या बालीवाला थिएटरमधला प्रयोग आजही रसिकांच्या बोलण्यात येतो. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. केशवराव म्हणजे 1908 साली ललितकलादर्श काढणारे, सुरुवातीला स्त्रीभूमिकांत गाजलेले, धारदार तडफेच्या आवाजाचे गायक नट. दोघांचेही चाहते कडवे. कोण कुणाला भारी पडणार याचीच चर्चा होती. मला तो प्रश्न चुकीचा वाटतो. खाडिलकरांनी लिहिलेला संघर्ष प्रथमच दोन तोडीच्या गळ्यांत वाटला गेला, हे त्या रात्रीचं मोल होतं. पात्रयोजना नाटकाच्या आशयापर्यंत पोचली ती अशी. पुढे तीन महिनेही लोटले नाहीत तोच, 4 ऑक्टोबर 1921ला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

भूमिका मात्र थांबली नाही. मास्टर दीनानाथांनी बळवंत संगीत मंडळीत धैर्यधर केला आणि काही पदांना स्वतःच्या चाली दिल्या. पल्लेदार ताना, अनपेक्षित वळणं, आक्रमक फेक. टेंब्यांच्या चाहत्यांना ही ढवळाढवळ वाटली असणार, आणि त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. संगीतकाराचा शब्द अखेरचा मानायचा की गायकाचा, हा खरा पेच आहे. माझा कौल दीनानाथांच्या बाजूने. धैर्यधराचा रांगडा मानीपणा त्या चालींत जास्त आहे.

दीनानाथांच्या गायकीचा खोल ठसा वसंतराव देशपांड्यांवर होता, आणि तोच धागा ‘कट्यार काळजात घुसली’पर्यंत येतो. 24 डिसेंबर 1967चा पहिला प्रयोग, निर्मिती नाट्यसंपदाची, लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी. नाटकाचा विषयच दोन घराण्यांची टक्कर. पंडितजी आणि खाँसाहेब यांची गाणी वेगळ्या घडणीची नसली तर नाटक उभंच राहत नाही. अभिषेकींनी ती तशी घडवली आणि खाँसाहेबांसाठी वसंतराव मिळाले. त्यांचा अभिनय गाण्यातून सुटा काढताच येत नसे. पुढे 2010मध्ये नातू राहुल देशपांडे त्याच भूमिकेत उभे राहिले तेव्हा तुलना होणारच होती; पण गाणारा खाँसाहेब हवा, याबद्दल दुमत नव्हतं.

दुमत झालं ते 2015मध्ये, सुबोध भावे यांच्या ‘कट्यार’ चित्रपटात. तिथे खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर आणि गळा राहुल देशपांड्यांचा. पंडितजी मात्र शंकर महादेवन यांनी केले आणि गायलेही स्वतःच. जुन्या रसिकांनी यावर तावातावाने वाद घातले. कुणी म्हणे, पडद्यावर चेहराच बोलतो, खाँसाहेबांचा मत्सर डोळ्यांत दिसायला कसलेला नट हवा. ते पटण्यासारखं आहे; गद्य प्रसंगांत पिळगांवकर पकड घेतात. तरीही तान सुरू झाली की माझी नजर पंडितजींकडे जाते, कारण तिथे मानेची शीर ताणली जाते ती त्याच श्वासाने, जो आपल्याला ऐकू येतो.