थंड पाण्यातले पहिले मिनिट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. अटलांटिकवरून एकामागून एक वादळे येत राहतात आणि समुद्रात कयाक वल्हवणारी मंडळी बहुतेक वेळ किनाऱ्यावरच अडकून पडतात. ब्रिटनमधले कयाक क्लब मग हिवाळ्यात दोन कामे करतात. एक, जलतरण तलावाच्या उबदार पाण्यात उलटलेली कयाक सरळ करण्याचा सराव. दुसरे, एकत्र जमून गप्पा. वारा कसा फिरला, भरतीचे गणित कुठे चुकले, गार पाण्यात पडल्यावर तग कसा धरला, हे या गप्पांचे नेहमीचे विषय.

अशा गोष्टींतून नवखे पुष्कळ शिकतात. पण त्यात एक उणीव राहतेच: गोष्ट सांगणारा माणूस नेहमी वाचलेला असतो. पाण्यात पडल्यावर पहिल्याच मिनिटात जो गेला, त्याची गोष्ट सांगायला कोणी उरत नाही. त्यामुळे वाचलेल्यांच्या आठवणींत हुडहुडी आणि बधिर बोटे असतात, आणि ‘थंड पाण्यात माणूस गारठून मरतो’ अशी समजूत पक्की होते. शास्त्रज्ञांनी स्वयंसेवकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली थंड पाण्यात उतरवून मोजमापे घेतली, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर फ्रँक गोल्डन आणि पोर्टस्मथ विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ मायकेल टिप्टन यांनी हा विषय अनेक वर्षे अभ्यासला. त्यांच्या कामातून स्पष्ट झाले, की थंड पाण्यातले अनेक बळी शरीर गारठण्याच्या कितीतरी आधी जातात.

पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल आणि माणूस त्यात अचानक पडला, तर त्वचेतले थंडी ओळखणारे चेतातंतू एकदम पेटून उठतात. पहिली प्रतिक्रिया म्हणजे जोराचा, न आवरता येणारा उसासा. दोन-तीन लिटर हवा एका दमात आत ओढली जाते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर हवेच्या जागी पाणी आत जाते. पाठोपाठ धाप लागते, नाडी आणि रक्तदाब झपाट्याने वाढतात. याला ‘कोल्ड शॉक’ म्हणतात. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो सर्वांत तीव्र असतो आणि एक ते तीन मिनिटांत ओसरू लागतो.

कयाकच्या बाबतीत ही गोष्ट विशेष जिवावर बेतणारी आहे. कयाक उलटली की वल्हवणारा डोके खाली, पाय नावेत अशा अवस्थेत पाण्याखाली लटकतो. वल्ह्याच्या झटक्याने नाव पुन्हा सरळ करायची, त्याला ‘रोल’ म्हणतात. हे कसब मूळचे ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांचे. बर्फाळ समुद्रात नाव सोडून पोहणे म्हणजे मरण, हे ते जाणून होते. म्हणून सीलच्या कातड्याचा अंगरखा नावेच्या तोंडाला घट्ट बांधून, माणूस आणि नाव एकच करून ते समुद्रात जात. रोल करायला श्वास रोखावा लागतो. उबदार तलावात मिनिटभर श्वास रोखणाऱ्या माणसाला अतिथंड पाण्यात काही सेकंदही तो रोखणे जड जाते. तलावात दहापैकी दहा वेळा जमणारा रोल फेब्रुवारीच्या समुद्रात एकदाही न जमण्यामागे हेही एक कारण असते.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी पुढचा क्रम लक्षात ठेवायला सोपे सूत्र दिले आहे: १-१०-१. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात श्वास ताब्यात आणायला १ मिनिट. हातापायांची कामाची हालचाल करता येते अशी साधारण १० मिनिटे. आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला सुमारे १ तास. हे आकडे अंदाजी आहेत. पाण्याचे तापमान, अंगावरचे कपडे आणि शरीराची ठेवण यांनुसार बदलतात. पण क्रम बदलत नाही. आधी श्वास जातो, मग हात, आणि ऊब सर्वांत शेवटी.

मधली १० मिनिटे फसवी असतात. शरीर आतली ऊब राखण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करते. बोटे वळेनाशी होतात, दोर धरता येत नाही, लाइफ जॅकेटची बक्कल लागत नाही, चांगला पोहणाराही बुडू लागतो. लाइफ जॅकेट आधीच अंगात हवे, ते याचसाठी. ते नसेल तर शेवटचा एक तास बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.

तो तास किती लांबू शकतो, याचे टोकाचे उदाहरण आइसलंडचे आहे. मार्च १९८४ मध्ये तिथली एक मासेमारी बोट उलटली. पाच जणांपैकी एकटा ग्वुडलॉगर फ्रिडथोर्सन वाचला. पाच-सहा अंशांच्या पाण्यात पाच-सहा तास पोहून तो किनाऱ्याला लागला. नंतरच्या तपासण्यांत त्याच्या त्वचेखालच्या चरबीचा थर नेहमीपेक्षा बराच जाड आढळला. अशी गोष्ट ऐकून हुरूप येतो, पण ती नियम सांगत नाही, अपवाद सांगते.

नियम कुठे दिसतो, ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर २२ मार्च १९९३ रोजी कळले. लाइम रीजिसहून आठ शाळकरी मुले, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाकमधून शेजारच्या चारमथला निघाले. अंतर जेमतेम तीनेक किलोमीटर. वाऱ्याने त्यांना खोल समुद्राकडे ढकलले, नावा पाण्याने भरल्या आणि मदत पोहोचेपर्यंत कित्येक तास गेले. चार मुले दगावली. या दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये १९९५ साली मुलांसाठीच्या साहसी उपक्रम केंद्रांना परवाना बंधनकारक करणारा कायदा आला. तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. मार्चच्या अखेरीस तिथे वसंताची चाहूल लागते, पण समुद्र जमिनीपेक्षा फार सावकाश तापतो. त्याचे पाणी वर्षातले सर्वांत थंड असते ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणूनच अनुभवी कयाकवाले सांगतात, कपडे हवा बघून नव्हे, पाणी बघून घाला. अंगाला पाणी लागू न देणारा ड्रायसूट उन्हात घामाघूम करतो, तरी ते तो घालतात.

शरीराला थोडी सवयही लावता येते. टिप्टन यांच्या प्रयोगांत दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा थंड बुडक्यांनंतर कोल्ड शॉक जवळजवळ निम्म्यावर आला आणि त्याचा काही परिणाम कित्येक महिने टिकला. मात्र हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी हा प्रयोग करू नये. थंडीच्या धक्क्याने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.

कोकणात जानेवारीतही समुद्राचे पाणी २५ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे आपल्याला हा धोका परका वाटतो. पण सुट्टीत मनाली, ऋषीकेश, लडाखला जाऊन राफ्टिंग करणारे मराठी पर्यटक थोडे नाहीत. हिमालयातल्या बर्फाच्या पाण्यावर वाढलेल्या या नद्या मे महिन्यातही थंड असतात, आणि वर ऊन कडक असते.

तिथे पाण्यात पडलात तर लगेच हातपाय मारू नका. ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय सांगते तसे, आधी तरंगा. लाइफ जॅकेटच्या आधाराने पाठीवर रेलून तोंड पाण्याबाहेर ठेवा आणि श्वास ताब्यात येऊ द्या. दीड-दोन मिनिटांनी धाप ओसरते. मग नाव किंवा दोर धरा, हाक मारा. बाहेर काढलेल्याला आडवे ठेवा, चालवू नका, अंग चोळू नका. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा. पूर्ण शुद्धीत असेल तर गोड, कोमट पेय द्या. दारू मुळीच नको, तिने अंग तापल्यासारखे वाटते, पण त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून उरलीसुरली ऊबही बाहेर जाते.