प्रिंटर फिकट छापतोय? ‘हेड क्लीनिंग’ दाबण्याआधी हे बघा

अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते, रात्रीचे दहा वाजलेले असतात आणि नेमका तेव्हाच घरचा प्रिंटर दगा देतो. कागद बाहेर येतो, पण अक्षरांतून आडव्या पांढऱ्या रेघा गेलेल्या. मराठी मजकुरात हे जास्तच नडतं. शिरोरेषा आडवी आणि गाळलेली रेघही आडवी. त्यात अनुस्वार उडाला, की ‘नंदा’ची ‘नदा’ होते आणि अर्जावरचं नाव आधार कार्डाशी जुळत नाही.

मग घरातलं कोणीतरी हेड क्लीनिंग दाबतं. एकदा, दोनदा, दहादा. शाई संपत जाते, प्रिंट मात्र तशीच. हेड बिघडलेलं नसतानाही या घाईने खर्च वाढतो.

हेडमध्ये होतं काय?

इंकजेट प्रिंटरच्या हेडला केसापेक्षाही बारीक अशी शेकडो छिद्रं असतात. त्यांना नोझल म्हणतात. एचपी आणि कॅननच्या घरगुती प्रिंटरांत शाई क्षणभर तापवतात. त्यातून बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. एप्सन आणि ब्रदरच्या प्रिंटरांत वीज मिळताच किंचित वाकणारा ‘पिझो’ नावाचा भाग हेच काम करतो.

पद्धत कुठलीही असो, प्रिंटर बरेच दिवस पडून राहिला की छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळते. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबादकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ती लवकर वाळते. गोवा आणि खानापूर भागात पावसाळ्यात वेगळाच प्रकार होतो. कागद ओलावा धरतो, शाई पसरते आणि अक्षरं जाड, मळकट दिसतात. तो हेडचा दोष नव्हे. कागदाचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवला की हा त्रास कमी होतो.

आधी ‘नोझल चेक’

प्रिंटरच्या मेंटेनन्स मेनूत नोझल चेक असतं. त्याची एक प्रिंट काढा. प्रत्येक रंगाची जाळी किंवा पट्टी अखंड आली, तर हेड ठीक आहे आणि क्लीनिंगची गरज नाही. मग दोष दुसरीकडे शोधायचा. उभ्या रेघा दुहेरी किंवा नागमोडी येत असतील तर हेड अलाइनमेंट करा. सगळंच फिकट असेल तर ‘ड्राफ्ट’ मोड चालू राहिला आहे का, ते बघा. कॉम्प्युटरवरून काढलेली प्रिंट चांगली आणि फक्त झेरॉक्स खराब येत असेल, तर स्कॅनरची काच पुसायची आहे.

जाळी तुटक आली तर मात्र हेड चोंदलं आहे किंवा त्यात हवा शिरली आहे. टाकीच्या प्रिंटरमध्ये शाई खालच्या खुणेच्या खाली गेली की नळीत हवा ओढली जाते. अशा वेळी आधी शाई भरा, मगच क्लीनिंग करा.

क्लीनिंग किती वेळा?

एकदा क्लीनिंग, मग नोझल चेक. फरक पडला नाही तर पुन्हा एकदा. असं जास्तीत जास्त तीन वेळा. त्यानंतर प्रिंटर बंद करून रात्रभर तसाच राहू द्या. ताज्या शाईने वाळलेली शाई मऊ पडायला वेळ लागतो, अडकलेले बुडबुडेही हळूहळू सुटतात. सकाळी आणखी एक क्लीनिंग करून बघा.

क्लीनिंग म्हणजे छिद्रांतून शाई जोराने ओढून घेणं. ही शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या वेस्ट पॅडमध्ये जाते. तो पॅड भरत आला की अनेक प्रिंटर छपाईच थांबवतात. म्हणजे विनाकारण केलेल्या प्रत्येक क्लीनिंगला शाईही जाते आणि पॅडचं आयुष्यही. काही मॉडेलांत असलेलं ‘पॉवर क्लीनिंग’ तर याहून कितीतरी जास्त शाई खातं. तो शेवटचा उपाय.

हेड कुठे आहे, ते ओळखा

कार्ट्रिज बाहेर काढून बघा. त्यावर तांब्याच्या ठिपक्यांची पट्टी आणि खाली छोटी चपटी प्लेट असेल, तर हेड कार्ट्रिजवरच आहे. धागे न सुटणारं कापड कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करून काही सेकंद त्या प्लेटला अलगद टेकवा. कापडावर शाईचा ठसा उमटला म्हणजे छिद्रं मोकळी होऊ लागली. घासू नका आणि तांब्याच्या पट्टीला हात लावू नका. बोअरचं पाणी, थिनर, ॲसिटोन यांपैकी काहीही वापरू नका. तरीही जमलं नाही तर कार्ट्रिज बदला. नव्या कार्ट्रिजबरोबर हेडही नवंच येतं.

हेड प्रिंटरमध्येच बसवलेलं असेल, तर सिरिंजने पाणी मारण्याचा प्रयोग घरी नको. जास्त दाबाने किंवा सर्किटवर पाणी गेल्याने चालू असलेलं हेडही जळू शकतं. दुरुस्तीला देताना आधी खर्च विचारा. काही वेळा हेड बदलण्यापेक्षा थोडे पैसे घालून नवा प्रिंटर परवडतो. मेकॅनिककडून दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची नोझल चेकची प्रिंट मागून घ्या.

लाईट गेली तर

काम संपलं की हेड एका रबरी टोपीवर जाऊन बसतं आणि छिद्रं झाकली जातात. त्यासाठी प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करायचा असतो. बोर्डाचा स्विच थेट बंद केला किंवा छापता छापता लाईट गेली, तर हेड वाटेतच उघडं राहतं. लाईट आल्यावर प्रिंटर चालू करा, हेड जागेवर बसू द्या आणि मग बटणाने बंद करा. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एखादं पान छापलं, की शाई वाळण्याची शक्यता बरीच कमी होते.

आणि अर्ज उद्याच द्यायचा असेल, तर त्या रात्री हेडशी झटापट नको. फाईलची पीडीएफ करून सकाळी झेरॉक्सच्या दुकानात न्या, थोड्या पैशांत काम होईल. तोवर घरच्या प्रिंटरलाही हवी ती रात्रभराची विश्रांती मिळालेली असेल.