‘सोय’ आणि ‘करमणे’ : जुन्या वस्तीतील समाधानाचा शब्दविचार

जुन्या वस्तीतील रहिवाशांस ‘आपण समाधानी आहात काय?’ एवढेच विचारणारी प्रश्नावली दोन भिन्न गोष्टींची गल्लत करते. मराठीत त्यांस स्वतंत्र शब्द आहेत. पाणी, वाट, बाजार यांविषयीचे मत ‘सोय’ या शब्दाने सांगितले जाते. वस्तीत जीव रमणे ‘करमणे’ या क्रियापदाने. ‘मी समाधानी आहे’ यात बोलणारा कर्ता असून तो निर्णय देतो. ‘मला येथे करमते’ हा प्रयोग भावकर्तृक आहे. व्यक्ती चतुर्थीत येते व भाव तिच्या ठायी घडतो.

हा भेद तपासण्यास शिरूर व दौंड योग्य ठरतात. घोडनदीकाठच्या शिरूरला इंग्रजांची छावणी होती. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील फौज तेथूनच निघाली होती. भीमाकाठचे दौंड रेल्वेचे जंक्शन म्हणून वाढले. एकीकडे बाजारपेठेतील पिढीजात घर, तर दुसरीकडे बदलीबरोबर सोडावे लागणारे रेल्वेचे निवासस्थान. पहिल्यात गैरसोय असूनही करमू शकते. दुसऱ्यात सोय असूनही करमेलच असे नाही.

म्हणून हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत. अन्यथा ज्याला केवळ नळ दुरुस्त व्हावा असे वाटते, त्याच्या ‘असमाधाना’चा आधार घेऊन त्याची वस्तीच हलविली जाण्याचा संभव राहतो.