फुकट संचाची किंमत: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

जाहिराती पाहण्याच्या बदल्यात दूरचित्रवाणी संच, संगणक किंवा तत्सम घरगुती उपकरण फुकट अथवा अगदी स्वस्तात देण्याच्या व्यवहाराबद्दल दोन टोकाची मते आढळतात. एका मतानुसार ग्राहकाचे यात काहीच जात नाही, कारण जाहिराती तो एरवीही पाहतच असतो. दुसऱ्या मतानुसार असे उपकरण म्हणजे दिवाणखान्यात आणून बसवलेला हेर. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच घोटाळा आहे, तो असा की ग्राहक ज्या दोन निरनिराळ्या गोष्टी देतो त्या एकच धरल्या जातात. पहिली गोष्ट म्हणजे लक्ष, अर्थात जाहिरातीवर नजर किंवा कान असण्याचा वेळ; दुसरी म्हणजे माहिती, अर्थात कोणत्या घरात, कोणत्या क्षणी, काय पाहिले गेले याची नोंद. लक्ष त्या क्षणापुरते खर्ची पडते. नोंद मात्र साठवता येते, इतर नोंदींशी जोडता येते आणि पुन्हा पुन्हा विकता येते.

जाहिरातींवर चालणारे फुकट मनोरंजन जुनेच आहे, त्यात नवे ते काय, हा युक्तिवाद म्हणूनच अर्धाच खरा ठरतो. विविध भारतीवर नोव्हेंबर 1967 मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर येथून व्यापारी जाहिराती सुरू झाल्या आणि दूरदर्शनवर त्या 1976 पासून दिसू लागल्या. परंतु रेडिओलहरी घराकडे येत, घराकडून परत काहीच जात नसे, आणि त्यामुळे साबणाच्या जाहिरातदाराला अमुक गल्लीतल्या अमुक घरात रेडिओ चालू होता की बंद हे कळण्याचा मार्गच नव्हता. विकले जात होते ते केवळ लक्ष. आजही भारतातील वाहिन्यांची प्रेक्षकसंख्या मोजणारी ‘बार्क’ ही संस्था नमुन्यादाखल निवडलेल्या घरांत मापक यंत्रे बसवते, आणि आपल्या घरात असे यंत्र आहे हे त्या कुटुंबाला ठाऊक असते. इंटरनेटला जोडलेल्या संचाने नमुन्याची ही गरजच संपवली, कारण असा प्रत्येक संच स्वतःच मापक होऊ शकतो, आणि तो तसा आहे याची जाणीव घरातल्या माणसांना असेलच असे नाही.

फुकट म्हणजे बिनशर्त, हा दुसरा गैरसमज. अमेरिकेत मे 2023 मध्ये ‘टेली’ या कंपनीने 55 इंची संच फुकट देण्याची योजना जाहीर केली. मुख्य पडद्याखाली ध्वनिपट्टी आणि तिच्याखाली दुसरा अरुंद पडदा अशी त्याची रचना असून, या दुसऱ्या पडद्यावर हवामान, खेळांचे गुण आणि जाहिराती दिसत राहतात. संच मागवणाऱ्याने आपल्या घराविषयी आणि आवडीनिवडींविषयीची प्रश्नावली भरावी, हाच संच घरातील मुख्य संच म्हणून वापरावा, तो इंटरनेटला जोडलेला ठेवावा आणि जाहिराती अडवणारी कोणतीही युक्ती करू नये, अशा त्याच्या अटी होत्या. त्या मोडल्यास संच परत करणे आणि तसे न केल्यास 500 डॉलर भरणे, असे सुरुवातीच्या करारात म्हटले होते. व्यवहारज्ञान असलेल्या वाचकाच्या लक्षात येईल की हे दान नव्हे, हा भाडेकरार आहे, आणि भाडे लक्ष व माहिती या दोन्ही रूपांत वसूल होते. ही कल्पनाही पहिलीच नव्हे. 1999 मध्ये ‘फ्री-पीसी’ या कॅलिफोर्नियातील कंपनीने पडद्याच्या कडेला कायम जाहिराती दाखवणारे 10,000 संगणक फुकट देऊ केले तेव्हा दहा लाखांहून अधिक अर्ज आले. वर्ष संपण्यापूर्वीच ती कंपनी ‘ई-मशीन्स’ या स्वस्त संगणक विकणाऱ्या कंपनीत विलीन होण्याच्या वाटेला लागली होती. ग्राहकांची तयारी कमी पडली असे अर्जांच्या संख्येवरून तरी म्हणता येत नाही.

मात्र सर्वांत खोल रुजलेला गैरसमज याच्या नेमका उलट बाजूचा आहे: वस्तू फुकट असेल तर ग्राहक हाच माल असतो, म्हणून पूर्ण किंमत मोजली की सुटका होते. यातील पहिला भाग नवा नाही. प्रसारमाध्यमे प्रेक्षकच जाहिरातदाराच्या हवाली करतात ही मांडणी शिल्पकार रिचर्ड सेरा आणि कार्लोटा फे स्कूलमन यांनी 1973 च्या एका ध्वनिचित्रकृतीत केली होती. दुसरा भाग मात्र तपासण्याजोगा आहे, आणि त्यासाठी ‘व्हिझिओ’ या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणाइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण. या कंपनीचे संच दुकानातून रोख पैसे देऊन घेतलेले होते. तरीही फेब्रुवारी 2014 पासून विकलेल्या संचांत ‘ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन’ म्हणजे पडद्यावर काय चालले आहे ते आपोआप ओळखण्याचे तंत्र सुरू ठेवलेले होते, आणि त्याआधी विकल्या गेलेल्या काही संचांतही ते दुरूनच बसवण्यात आले.

या तंत्राला संपूर्ण चित्र पाठवावे लागत नाही. पडद्यावरील ठरावीक ठिकाणच्या मोजक्या रंगबिंदूंची नोंद घेऊन त्यांपासून एक छोटा सांकेतिक ठसा तयार केला जातो, तो कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, आणि तेथे साठवलेल्या कार्यक्रमांच्या, चित्रपटांच्या व जाहिरातींच्या ठशांशी ताडून पाहिला जातो. जुळला की या घरात या सेकंदाला हे दिसत होते अशी नोंद पडते. ठसा पडद्यावरून घेतला जात असल्यामुळे चित्र केबलवरून आले, डीव्हीडीवरून आले की साध्या अँटेनावरून, याने काही फरक पडत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनुसार ज्या सेटिंगखाली हे सारे चालत होते तिचे नाव ‘स्मार्ट इंटरॅक्टिव्हिटी’ असे होते, आणि तिच्या वर्णनात कार्यक्रमांविषयी सूचना व सवलती मिळतील एवढेच लिहिलेले होते. फेब्रुवारी 2017 मध्ये 1 कोटी 10 लाख संचांबाबतचे हे प्रकरण कंपनीने 22 लाख डॉलर भरून मिटवले, म्हणजे त्या तडजोडीत दर संचामागे 20 सेंट पडले. पुढे ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात आणखी रक्कम द्यावी लागली. धंद्याला याने खीळ बसली नाही. 2021 च्या तिसऱ्या तिमाहीत याच कंपनीचा जाहिराती आणि माहिती यांवरील ढोबळ नफा संचविक्रीवरील नफ्याच्या दुपटीहून अधिक होता. संच स्वस्त का मिळतो, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या एका वाक्यात आहे.

तेव्हा फुकट आणि विकत ही विभागणी फारशी उपयोगाची नाही. सौदा उघड आहे की झाकलेला, ही विभागणी अधिक कामाची. ॲमेझॉनने 2011 मध्ये पडदा निष्क्रिय असताना जाहिराती दाखवणारे किंडल 114 डॉलरना आणि जाहिरातींविना तेच उपकरण 139 डॉलरना विकायला काढले, तेव्हा लक्षाची किंमत 25 डॉलर आहे हे ग्राहकाला दुकानातच वाचता येत होते. याउलट सॅमसंगने 2025 मध्ये अमेरिकेत आधीच विकल्या गेलेल्या महागड्या फ्रिजच्या पडद्यांवर प्रायोगिक तत्त्वावर जाहिराती आणल्या, तेव्हा खरेदीच्या वेळी असा काही सौदा झालेलाच नव्हता. या दृष्टीने पाहता, अटी आधीच सांगणारा फुकट संच हा गुपचूप नोंदी घेणाऱ्या विकतच्या संचापेक्षा निदान प्रामाणिक तरी म्हणावा लागतो.

नाव दिलेले नाही, मग ओळख कशी पटणार, असाही एक दिलासा लोक स्वतःला देतात. व्हिझिओ प्रकरणात नावे विकली गेल्याचा आरोप नव्हता. घराच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता, म्हणजे त्या जोडणीला मिळालेला क्रमांक, माहितीचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांना दिला जाई, आणि त्या आधारे त्या घरातील माणसांचे लिंग, वय, उत्पन्न, वैवाहिक स्थिती, शिक्षण, घर मालकीचे की भाड्याचे, हे तपशील पाहण्याच्या नोंदींना जोडले जात. नाव जोडायला करारात मनाई होती, इतकेच. जाहिरातदाराला तसेही नाव नको असते.

कॅमेरा आणि मायक्रोफोन यांची धास्ती अनाठायी नसली तरी ती बरेचदा चुकीच्या जागी लक्ष वेधते. कॅमेऱ्यापुढे झाकण सरकवता येते. पडद्यावरून घेतलेल्या ठशापुढे सरकवायला झाकण नसते.

सेटिंग बंद करून काही उपयोग होत नाही, ही निराशाही तपासावी लागते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, कॅलिफोर्निया विद्यापीठाची डेव्हिस शाखा आणि माद्रिदचे कार्लोस तिसरा विद्यापीठ येथील संशोधकांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सॅमसंग व एलजी यांच्या संचांमधून बाहेर जाणारी रहदारी तपासली, तेव्हा ग्राहकाने नकार दिल्यावर या तंत्राची रहदारी थांबत असल्याचे दिसले. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की एचडीएमआय तारेने जोडलेल्या बाहेरच्या उपकरणासाठी संचाचा निव्वळ पडदा म्हणून वापर होत असतानाही हे तंत्र चालूच राहते; लॅपटॉप जोडून घरच्या लग्नाचे फोटो पाहणाऱ्या कुटुंबाला हे सुचणेही अवघड आहे. शिवाय नकार देण्याची जागा एका ठिकाणी, एका नावाखाली नसते: एलजीकडे ती ‘लाइव्ह प्लस’, सॅमसंगकडे ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ अशा नावांनी आढळते, आणि दोन्ही नावांवरून आत काय आहे याचा बोध होत नाही.

भारतात 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीची मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय देणे बंधनकारक केले असून 18 वर्षांखालील मुलांचा मागोवा घेणे व त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिराती दाखवणे यांवर निर्बंध घातले आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयीच्या मुख्य तरतुदींना त्यानंतर 18 महिन्यांची मुदत आहे. दिवाणखान्यातला संच आजी, सून आणि नातवंडे एकत्र पाहतात, आणि ‘मान्य’ हे बटण मात्र तो खोक्यातून काढणाऱ्या एकानेच दाबलेले असते. त्या एका बोटाची संमती घरातल्या सर्वांची कशी मानायची, हा प्रश्न कायद्याच्या अंमलात चांगलाच अडणार आहे.

तोवर सर्वांत खात्रीचा उपाय साधाच आहे: संचाला वाय-फायचा पासवर्ड न देणे. विकत घेतलेल्या संचाच्या बाबतीत हे करायला कोणाची परवानगी लागत नाही. फुकट संचाच्या करारात नेमकी हीच गोष्ट शर्तभंग ठरते.