काय होतंय दादा? : पोरं, गाडी आणि मागची सीट

आजचा विषय मावशीच्या एका फोनवरून निघाला. "तुझ्या भावाला जरा समजाव, गाडी लई बुंगाट पळवतोय." भाऊ म्हणजे माझा मावसभाऊ, वय सोळा. आमचं गाव ईट, तालुका भूम. या भागात घरोघरी दुभती जनावरं, खव्याच्या भट्ट्या. सकाळी दूध घालायला जातं कोण? घरातलं पोरगं. दोन्ही बाजूंना कॅन लटकवायचे आणि निघायचं.

19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शनं मोटारसायकलवरच्या दोन इंजिनिअर्सना उडवलं. मुलाला काही तासांतच जामीन मिळाला, आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. गावातही सगळे भडकले होते. पण तेवढ्याच वयाची आपली पोरं रोज गिअरची गाडी घेऊन जातात, हे त्या चर्चेत कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. पोर्श म्हणजे श्रीमंताचा माज आणि आपली गाडी म्हणजे घरचं काम, असा आपला हिशोब.

कायद्याला तो हिशोब मान्य नाही. सोळाव्या वर्षी फक्त 50 सीसीपर्यंतची, बिनगिअरची गाडी चालवता येते, तीही लायसन्स काढून. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 199अ कलम आलं: अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा झाला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

हे सांगितल्यावर भाऊ म्हणाला, "माहितीय की. पण काय होतंय दादा?"

पोरांना नियम माहीत नसतात हा आपला गैरसमज आहे. नियम पाठ असतात. पण शंभर वेळा बुंगाट जाऊन शंभर वेळा काही झालेलं नसतं, आणि खरा अभ्यास त्यांचा तोच असतो.

दुसरी गोष्ट मागच्या सीटची. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोघांनी 2005 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की रेटायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. मित्र बघत असले की तेरा ते सोळा वयाची मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत होती. मोठ्या माणसांत तसा फरक पडला नाही.

मला हे वाचून नवल वाटलं नाही. सोळाव्या वर्षी मी ट्रिपल सीट चाललो होतो, समोर उसाची ट्रॉली. मागून आवाज आला, "घे की, बघत काय बसलाय!" मी घेतली. एका मित्राच्या पायात अजून रॉड आहे. घरी आम्ही तिघांनी सांगितलं, कुत्रं आडवं आलं. आमच्याकडं निम्मे अपघात कुत्र्याच्या नावावर जातात. त्यामुळं त्यातनं कुणी काही शिकतही नाही.

म्हणून या वेळी गावी गेल्यावर भाषण दिलं नाही. भावाला मोकळ्या रानात नेलं. ताशी 40 च्या वेगाला ब्रेक लावेपर्यंतचा एक सेकंद धरला, कोरडा रस्ता आणि चांगला ब्रेक धरला, तर गाडी साधारण 21 मीटरवर थांबते. तिथं दगड ठेवला. "आता 60 ची कुठं थांबेल?" तो चार-पाच पावलं पुढं जाऊन उभा राहिला. मी त्याला चालवत नेला, जवळजवळ 40 मीटरपर्यंत. मग पहिल्या दगडाकडं बोट केलं. 40 वाली गाडी जिथं पूर्ण थांबली, तिथं 60 वाली अजून 53 च्या वेगात असते. कारण त्या पहिल्या सेकंदातच तिनं 17 मीटर खाल्लेले असतात, आणि उरलेल्या चार-पाच मीटरांत ब्रेक करून करणार काय?

तो दोन्ही दगडांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आणि मागं दोघं असले तर?"

"अजून लांब. वजन वाढतं, ब्रेक तेवढाच राहतो."

"आणि दुधाचे कॅन?"

याला काय उत्तर देणार? तेच की. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला मी गेलो, हेल्मेट घालून, 40 नं. भट्टीवर उशीर झाला म्हणून बोलणीही खाल्ली. परवापासून परत तोच जाणार होता, आणि हे मावशीलाही माहीत होतं.