डोकं बाहेर, आग बाहेर

निफाडकडे थंडीचा कडाका वाढला, की द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून राबलेल्या बायांचे खांदे रात्री ठणकतात. शेक हवासा वाटतो. फिनलंडमध्ये त्यासाठी लाकडी सौना असतो. ती परंपरा २०२० साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. सौनात सगळं अंग तापल्या हवेत असतं. आपल्याकडे आयुर्वेदात घाम आणण्याला स्वेदन म्हणतात. त्याच्या पेटीत डोकं बाहेर राहतं. ही पेटी गावचा सुतारही करू शकतो.

माप आपलंच घ्यायचं. दीड फुटी स्टुलावर भिंतीला टेकून बसा, मानेपाशी खडूने खूण करा. गटातल्या सर्वांत उंच बाईची खूण, तेवढी पेटीची उंची. बुटकी असेल तिच्याखाली पाट द्या. रुंदी अडीच फूट, खोली तीन फूट पुरे. वर दोन फळ्यांचं झाकण, मधे मानेपुरती खाच.

लाकूड सागाचं घ्या. ते पाण्याने लवकर कुजत नाही. पत्र्यासारखं अंगाला चटकतही नाही. आतून रंग किंवा पॉलिश नको. स्क्रू बाहेरून मारा, तापलेला स्क्रू भाजतो. तळाला पाणी जायला भोक ठेवा.

वाफेसाठी कुकर बाहेर, गॅसवर. अर्धाच भरा. शिट्टी काढून तिथे उष्णता सोसणारी नळी घट्ट बसवा. नळी कुठे दुमडलेली नको आणि सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. नळीचं तोंड स्टुलाखाली, त्यावर लाकडी जाळी. नाहीतर पाय भाजतील.

दाराला बाहेरून कडी नको. आतून ढकललं की उघडलं पाहिजे.

पेटी मोकळ्या पडवीत ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस उठतच नाही. बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीलाही हेच लागू.

आधी पाणी प्या, डोक्यावर ओला रुमाल ठेवा. दहा मिनिटं पुरेत. शेजारी एक मैत्रीण हवीच. गरगरलं तर तिने आधी गॅस बंद करावा, मग दार उघडावं. गरोदर बाई, ताप असलेली बाई यांनी बसू नये. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह असेल किंवा नुकतं बाळंतपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

वाफेने चरबी वितळत नाही; वजन घटतं ते घामाचं, पाणी प्यालं की परत येतं. पण दमलेले खांदे सैल होतात, आणि तेवढ्यासाठीच ही पेटी.