भागीदारीतील डाळगिरणी आणि प्राप्तिकर

मराठवाड्यातील शेतकरी हंगामात तूर विकतो आणि पुढे तिचीच डाळ चढ्या दराने विकत घेतो. हे टाळण्यासाठी दोघे-तिघे शेतकरी एकत्र येऊन लहान डाळगिरणी घालतात. ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु असे काम पुष्कळदा केवळ तोंडी बोलीवर सुरू होते, आणि वर्षाअखेरीस कराचा आकडा पाहून भागीदारांत वितुष्ट येते. म्हणून कराची रीत आरंभीच समजून घ्यावी.

शेतीचे उत्पन्न व धंद्याचे उत्पन्न

भागीदाराने आपल्या शेतातील तूर पेढीस बाजारभावाने विकली, तर ती किंमत त्याचे शेतीउत्पन्न ठरते व त्यावर प्राप्तिकर बसत नाही. पेढीच्या हिशेबात ती रक्कम खर्च म्हणून धरली जाते. डाळ भरडून मिळणारा नफा मात्र धंद्याचा असल्याने करपात्र आहे. यासाठी तुरीच्या प्रत्येक खरेदीची पावती जपून ठेवावी.

पेढीवरील कर

प्राप्तिकराच्या दृष्टीने भागीदारी पेढी ही भागीदारांहून निराळी करदाती आहे. तिचा स्वतंत्र पॅन क्रमांक काढावा लागतो आणि नफा असो वा तोटा, दरवर्षी विवरणपत्र भरावे लागते. व्यक्तीस जशी करमुक्त मर्यादा असते तशी पेढीस नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर व त्या करावर ४ टक्के उपकर द्यावा लागतो. पेढीने कर भरल्यावर उरलेल्या नफ्याच्या वाट्यावर भागीदारास पुन्हा कर नाही.

लेखी भागीदारीपत्राचे महत्त्व

१९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार तोंडी भागीदारीही ग्राह्य आहे. तथापि, भांडवलावरील व्याज व प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदाराचा मेहनताना करपात्र नफ्यातून वजा होण्यासाठी लेखी भागीदारीपत्र आवश्यक असते. त्यात प्रत्येकाचा वाटा, व्याजाचा दर आणि मेहनतान्याची रक्कम किंवा ती ठरविण्याची रीत स्पष्ट लिहावी. व्याज १२ टक्क्यांपर्यंतच मान्य होते. व्याज वजा केल्यानंतरच्या पहिल्या ६ लाख रुपये नफ्यावर ३ लाख रुपये किंवा नफ्याच्या ९० टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक तेवढा, आणि त्यापुढील नफ्यावर ६० टक्के, इतकाच एकूण मेहनताना मान्य होतो. पत्राच्या तारखेपूर्वीच्या काळाचा मेहनताना वजा होत नाही.

एक उदाहरण

समजा, दोन भागीदारांनी प्रत्येकी २ लाख रुपये भांडवल घातले आणि सर्व खर्च जाऊन ५ लाख रुपये उरले. भागीदारीपत्राप्रमाणे १२ टक्के दराने दोघांचे मिळून व्याज ४८,००० रुपये झाले. प्रत्येकी १,८०,००० प्रमाणे मेहनताना ३,६०,००० रुपये झाला. पेढीचा करपात्र नफा ९२,००० रुपये राहिला. त्यावर कर २७,६०० व उपकर १,१०४, म्हणजे एकूण २८,७०४ रुपये द्यावे लागतील. भागीदारीपत्र नसेल, तर पूर्ण ५ लाखांवर १,५६,००० रुपये भरावे लागतील. एका कागदाअभावी १,२७,२९६ रुपयांचा भुर्दंड पडतो!

मिळालेले व्याज व मेहनताना प्रत्येक भागीदाराने आपल्या विवरणपत्रात दाखवावयाचा असतो. वरील उदाहरणात प्रत्येकाचे असे उत्पन्न २,०४,००० रुपये आहे. धंद्याचे वा नोकरीचे अन्य उत्पन्न नसल्यास ते करमुक्त मर्यादेच्या आत राहते. मात्र १ एप्रिल २०२५ पासून, एका भागीदारास वर्षात २०,००० रुपयांहून अधिक व्याज-मेहनताना दिल्यास पेढीने त्यातून १० टक्के कर कापून सरकारात भरावयाचा आहे. कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते.

नोंदणी व जबाबदारी

पेढीची नोंदणी सक्तीची नाही; परंतु नोंदणी नसलेल्या पेढीस उधारी बुडविणाऱ्या व्यापाऱ्यावर करारानुसार दावा लावता येत नाही. तसेच पेढीच्या देण्यास प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार असतो. एकाने केलेल्या धंद्याच्या कर्जापायी दुसऱ्याच्या खाजगी मालमत्तेवरही बोजा येऊ शकतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी गिरणीच्या यंत्राची चौकशी करणाऱ्या शेतकऱ्यांना प्रथम भागीदारीपत्राविषयी विचारावे, आणि यंत्राची मागणी नोंदविण्यापूर्वीच जाणकार कर सल्लागाराकडून ते करून घेण्यास सांगावे. शेजाऱ्यांनी लेखी करार करणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. उलट, त्यामुळे त्यांचा स्नेह टिकण्यास मदतच होते.